आभारात नको

"लिही," सर म्हणाले. "नमुना क्रमांक सतरा. धनगर. पुरुष. वय अंदाजे पन्नास."

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून पाकिटांवर लिहायचं काम माझ्याकडे होतं. सोळा पाकिटं झाली होती. काळी मेंढी. करडी मेंढी. शेळी. बोकड. म्हैस. गावठी कुत्रा. आणि सतरावा माझा बाप.

तो समोर उकिडवा बसला होता. डोक्याचा पटका सोडून मांडीवर ठेवला होता. माझ्याच वर्गातली वैशाली त्याच्यावर वाकून चिमट्यानं केस उपटत होती. एक टाळूवरचा, एक कानामागचा, एक मानेवरचा, मुळासकट. वर्गात शिकवलं होतं अगदी तसं. प्रत्येक केसाला बापाचा डोळा बारीक व्हायचा आणि तो हसायचा.

"घ्या ना अक्का. लागतील तेवढे घ्या. केसाला काय भाव हाय का?"

माझं पेन थांबलं.

"सर, हे माझे वडील आहेत."

"माहीत आहे मला. म्हणूनच सांगतोय, नाव घालू नकोस. नमुन्याला नातं नसतं."

मी लिहिलं. धनगर, पुरुष, वय अंदाजे पन्नास. बापाचं वय मला माहीत होतं, तरी अंदाजे लिहिलं. मग चाचरत विचारलं, "सर, हजर असलेल्या सगळ्यांचे केस घ्यायचे असतात ना? आपले नमुन्यात मिसळले तर ओळखता यावेत म्हणून. तुम्हीच शिकवलंत."

सर हसले. "आमचे कशाला? आम्ही तपासणारे."

वैशालीनं लगेच आपल्या वेणीला हात घातला. "माझे घ्या की, सर. काय बिघडतंय?"

"काही गरज नाही," सर म्हणाले. तिनं खांदे उडवले आणि परत बापाच्या डोक्याकडे वळली.

मला राग यायला हवा होता. तो नंतर आला. त्या वेळी मला हेवा वाटला. बापानं माझ्यासमोर कधी पटका सोडला नव्हता. आमच्यात मोठी माणसं पोरीबाळींसमोर उघड्या डोक्यानं बसत नाहीत. तिच्यासमोर मात्र लगेच बसला, आणि तिचा हात त्याच्या डोक्यावर होता. वरून तिला मोठेपणाही सुचला. "माझे घ्या की." तिला मोठेपणासुद्धा परवडत होता. माझ्याकडे तेवढाही नव्हता.

आम्ही दोघी सेनगाव तालुक्यातल्या, एकाच शिवारातल्या. तिच्या वडिलांचं रान मोठं. सोयाबीन निघालं की आमच्या मेंढ्या त्यांच्या रानात बसायच्या. मेंढ्या बसवणं म्हणजे वाघूर, दोरीचं जाळं, ठोकून कळप रात्रभर शेतात कोंडायचा. लेंडीमुताचं खत त्यांना, जवारी आम्हाला. बाप तिच्या वडिलांना मालक म्हणायचा. ती लहानपणी बांधावर उभी राहून आमची कोकरं मोजायची आणि मी ती हाकायचे. हिंगोलीला आम्ही एकाच कॉलेजात बी.एस्सी. झालो. ती मालकाच्या जीपमधून यायची, मी एस.टी.नं. तिला पास काढायची लाज वाटते असं ती म्हणायची. मला पास हरवायची भीती वाटायची.

मग शहरातल्या एका संस्थेत फॉरेन्सिकच्या एम.एस्सी.ला दोघींनाही प्रवेश मिळाला. गावात तो शब्द कुणाला येईना. आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी मुडद्याचं शिकून राहिली." बाप म्हणायचा, "पोलिसाच्या वरचं शिक्षण हाय ते." मला ते ऐकायला बरं वाटायचं.

हॉस्टेलला आम्हाला एकच खोली मिळाली. इथून पुढं मी चांगली माणूस राहिले नाही, हे आधीच सांगून टाकते.

तिच्याकडे स्वतःचं भिंग होतं, पितळी कडीचं. तिचे काका वकील, ते सुट्टीत तिला समोर बसवून साक्ष कशी द्यायची ते शिकवायचे. उलटतपासणीत वकील काय विचारतो, तज्ज्ञानं किती बोलायचं, कुठं थांबायचं. ती मला तसंच सांगायची, हातचं काही राखायची नाही. तेच मला जास्त लागायचं. मला वाटायचं, हिनं लपवून तरी ठेवावं. तिला झोप छान लागायची. वर्गात उत्तर चुकलं तर ती हसायची आणि सगळे तिच्याबरोबर हसायचे. माझं चुकलं तर सगळे गप्प बसायचे. मी स्वेटर आठवड्याला दोनदा धुवायचे, त्याला मेंढरांचा वास येतो म्हणून. येत नव्हता. तरी धुवायचे.

एकदा मी तिचं भिंग माझ्या पेटीत लपवलं. चार दिवस. रोज संध्याकाळी ती शोधायची आणि मीही तिच्याबरोबर खाटेखाली वाकून शोधायचे. पाचव्या दिवशी तिनं नवीन आणलं. कुरकुर नाही, काही नाही. मी जुनं तिच्या पुस्तकात ठेवून दिलं. "अगं, सापडलं!" म्हणून तिनं मला मिठी मारली, आणि जुनं मलाच देऊन टाकलं. त्या रात्री मी जेवले नाही. चोरलेली वस्तू बक्षीस मिळाली की गिळवत नाही.

दुसऱ्या वर्षाला प्रबंधाचा विषय निवडायचा होता. ग्रंथालयात केसांचा एक जाडजूड ॲटलास होता. त्यात कोल्हे होते, कातड्यासाठी पाळतात ते मिंक होते, परदेशी मेंढ्या होत्या. आमची काळी मेंढी नव्हती. आमच्या घोंगडीचा धागा नव्हता. मी विचार केला, आमच्या भागात गुन्हा घडला तर तपासात सापडणार काय? मिंक? शेतात सापडणार शेळीचा केस, म्हशीचा, घोंगडीची लोकर. तुलनेसाठी त्याचा संच कुठंच नाही. तो मी करीन.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, वैशालीकडे नाही असं काहीतरी माझ्याकडे आहे. दोन पानं लिहून मी सरांना दिली. सरांनी चष्मा वर करून वाचली. म्हणाले, "उत्तम आहे. सरकारी प्रयोगशाळेतले साहेब माझ्या ओळखीचे आहेत. असा संच करणाऱ्याला ते आनंदानं घेतील. माझी एक शिफारस पुरे."

आठ दिवसांनी फलकावर विषय लागले. पाळीव प्राण्यांचे केस व लोकर: वैशाली. माझ्या नावापुढं रक्ताचे डाग. तो विषय दरवर्षी कुणाला तरी मिळायचा आणि दरवर्षी तेच निष्कर्ष निघायचे.

मी विचारायला गेले. सर शांतपणे म्हणाले, "तुझं घर त्यातच आहे ना. अलिप्तपणा कसा राहील? घरचा माणूस तपास करत नसतो. तू तिला मदत कर. नमुने तुमच्याकडेच मिळतील."

वैशालीचंही रान त्यातच होतं. मेंढ्या तिच्याच शेतात बसल्या होत्या. हे मला सुचलं, पण खोलीवर आल्यावर.

ती म्हणाली, "मी सरांना सांगू का, बदलून द्या म्हणून?"

मी म्हटलं, "नको." तिच्या हातून परत घ्यायचं नव्हतं मला.

म्हणून त्या हिवाळ्यात सर, वैशाली आणि मी मालकाच्या जीपमधून आमच्या कळपाच्या वाड्यावर गेलो आणि सतरा पाकिटं भरली. जाताना बापानं सरांना दुधाचा तांब्या दिला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काहून त्वांड पाडून बसली? लई मोठा मानूस आला आपल्या वाड्यावर."

"तुमचे केस उपटले त्यांनी, दादा."

"मग काय झालं? मेंढराची लोकर कातरतो ना आपन? ते वरडते का?"

तो थट्टा करत होता. मला हसू आलं नाही.

प्राण्यांच्या केसांशिवाय एक घोंगडीचा तुकडाही द्यायचा होता. माझ्या मामाच्या घरी माग आहे. त्यानं नुकतीच मागावरून उतरवलेली एक घोंगडी होती, कोरी. कुणाच्या अंगाला लागलेली नाही. तिच्या कडेचा वीतभर तुकडा कापून त्यानं दिला. मी तो वैशालीला दिला. कुठला, कसा, किती जुना, तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मार्चमध्ये तिचा कच्चा प्रबंध आमच्या टेबलावर पडलेला असायचा. ती आंघोळीला गेली की मी वाचायचे. भाषा छान होती. चित्रं स्वच्छ होती. माझ्या दोन पानांतली वाक्यं जशीच्या तशी होती. बत्तिसाव्या पानावर घोंगडीच्या धाग्याबद्दल लिहिलं होतं: धाग्यावर सर्वत्र चिकट थर आढळतो. हा दीर्घकाळ न धुतल्यामुळे साचलेला मळ असावा.

मी ते तीनदा वाचलं.

तो मळ नव्हता. ती चिंचोक्याची खळ होती. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, टरफल काढून वाटायचे आणि पाण्यात शिजवायचे. ती लापशी कुंच्यानं ताणलेल्या धाग्यावर मारायची, म्हणजे मागावर धागा तुटत नाही. मामाकडे सुट्टीला गेले की खळ ढवळायचं काम माझं. हाताला चिकटलेली खळ वाळली की पापुद्र्यासारखी निघायची. आमच्याकडच्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. गुणवत्ता यादीत आलेल्या वैशालीला माहीत नव्हतं. सरांना नव्हतं.

मला काय आनंद झाला! महिनाभर मी ती चूक जपली. तिनं पान उलटलं की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. ती मला म्हणायची, "हल्ली बरी हसतेस गं." मी म्हणायचे, "परीक्षा संपत आली ना." बाहेरचे परीक्षक येतील, विचारतील, ती अडकेल, सरांचं तोंड उतरेल. मी मनात तो दिवस रोज एकदा जगायचे. त्यात मी गप्प उभी असायचे. फक्त बघत असायचे.

तोंडी परीक्षा प्रयोगशाळेतच होती. वर्गातले सगळे मागच्या बाकांवर. मला स्लाइडी बदलून द्यायला टेबलाशी उभं केलं होतं. परीक्षक वयस्कर, मोठ्या शहरातून आलेले. वैशाली न अडखळता बोलत होती. घोंगडीच्या धाग्याची स्लाइड मी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

परीक्षकांनी डोळा लावला. "हा थर कसला?"

"सर, मळ आहे. दीर्घकाळ न धुतल्यामुळे साचलेला."

परीक्षकांनी मान डोलावली. "बरोबर. ही माणसं धूत कुठं असतात? जन्मभर तेच पांघरतात."

मागं हशा पिकला. सर हसले. वैशाली हसली नाही, तिनं खाली बघितलं. आणि मी, जिनं महिनाभर ही घडी मनात घोळवली होती, मी तिथं गार पडले.

चूक पकडलीच गेली नाही. चूक सगळ्यांना पटली. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मामाच्या कोऱ्या घोंगडीला मळ म्हटलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं, कारण त्यांच्या डोक्यात ते आधीपासूनच होतं. आणि मी? मला माहीत असून मी महिनाभर तोंड शिवून बसले होते. वैशाली पडावी म्हणून मी माझ्या आईला, मामाला घाणेरडं म्हणवून घेत होते. माझा हेवा एवढा आंधळा होता की तो चुकीच्या माणसावर टपून बसला होता.

"सर, तो मळ नाही," मी म्हणाले.

"तू फक्त स्लाइड बदल," आमचे सर म्हणाले.

"मळ नाही. खळ आहे. चिंचोक्याची. ही घोंगडी कोरी आहे, एकदाही पांघरलेली नाही. आयोडीन टाकून बघा."

परीक्षकांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. आयोडीनची बाटली टेबलावरच होती. मी कुणाची परवानगी घेतली नाही. त्याच तुकड्याचा दुसरा धागा काचेवर घेतला, थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. परीक्षकांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"निळसर-हिरवं झालंय. मळाला असा रंग येत नाही." ते सरळ झाले. "छान. हे नवीन आहे. नोंदवून घ्या."

सर लगेच म्हणाले, "वैशाली, बत्तिसावं पान बदल. हे घाल त्यात."

बस. एवढंच. वैशाली, घाल त्यात. माझे दोन कागद गेले, बापाचे केस गेले, घोंगडी गेली. आता खळही निघाली होती.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"घालायचं तर माझ्या नावानं घाला. कुणी ओळखलं, कुणी तपासलं, ते लिहून."

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. रागावले की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "एका प्रबंधात दुसऱ्याचं नाव येत नसतं. तुला कळतं हे. मैत्रिणीचा एवढा हेवा बरा नाही."

"हेवा आहे, सर. दोन वर्षं आहे. झोपेतसुद्धा आहे. पण खळ माझी आहे."

सरांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षकांनी घड्याळाकडे. "तुमचा अंतर्गत प्रश्न आहे हा," ते म्हणाले.

"मग राहू दे आहे तसं," सर म्हणाले. "पान बदलू नकोस, वैशाली. पुढची स्लाइड."

मी पुढची स्लाइड दिली नाही. हात पुसले आणि प्रयोगशाळेच्या बाहेर आले. व्हरांड्यात उभी राहिले. तेव्हा राग आला. माझं नाव लिहिण्यापेक्षा त्यांना चूक परवडली होती. डोळ्यांनी रंग पाहिला होता त्यांनी. तरी त्यांनी मळ ठेवला.

वैशाली पहिल्या वर्गात आली. शिफारस तिला गेली, सरकारी प्रयोगशाळेतली जागाही. माझ्या वर्तणुकीच्या दाखल्यात सरांनी दोन ओळी लिहिल्या: विद्यार्थिनी कष्टाळू आहे. स्वभावाने हट्टी आहे.

गोष्ट मालकापर्यंत गेली, मालकाकडून बापापर्यंत. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी वाघूर गुंडाळताना बाप म्हणाला, "तुला काय पडलं हुतं? मळ म्हनले तर म्हनू दे. अंगाला भोकं पडतेत का?"

"पडतात, दादा."

"आपन त्याइच्या रानात बसून राह्यलो, लेकरा."

"तुमी बसा. मी न्हाई बसत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला मी पटले नाही, आजही पटत नाही. आईला तर मी वेडीच वाटते. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्यासारखी हसणारही नाही.

मी हिंगोलीत एका ज्युनिअर कॉलेजला तासावर शिकवू लागले. सकाळी तास, दुपारी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास. दोन वर्षांनी बसस्टँडवर वैशाली भेटली. सुट्टीला आली होती. गळ्यात पडली. तिला माझा राग नव्हता, याचाही मला राग आला.

"मी एक शोधनिबंध लिहितेय," ती म्हणाली. "घोंगडीच्या धाग्यावर. ते खळीचं नीट सांग ना. किती भाजायचं, किती पाणी. तुझं नाव आभारात टाकते."

"आभारात नको."

"मग?"

"वर टाक. तुझ्या बरोबरीनं."

ती गोंधळली. "अगं, वर सरांचं टाकावंच लागतं. मग माझं. तिसरं नाव सर घेऊ देणार नाहीत. तुला माहितीये ते कसे आहेत. तू अजून तिथंच अडकलीस का गं?"

"व्हय," मी म्हणाले. "तिथंच हाय."

तिचा चेहरा पडला. खरंच पडला. ती वाईट बाई नाही. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. नरसीची गाडी लागली, तिकडून सेनगाव. मी चढले. ती खाली उभी होती, छान सुती साडी, हातात कातडी बॅग, आणि मला तिचा तितकाच हेवा वाटला, जितका हॉस्टेलच्या खोलीत वाटायचा.

लोक म्हणतात, हेवा सोड, माणूस खंगतं त्यानं. मी सोडणार नाही. ज्या दिवशी मला तिचा हेवा वाटायचा थांबेल, त्या दिवशी मी माझ्या जागेवर खूश झालेली असेन, आणि ते त्यांच्या सोयीचं आहे. फक्त आता तो तिच्यावर टपलेला नाही. तिची चूक जपण्यात मी पुन्हा एक दिवस घालवणार नाही. मला तिची खुर्ची ओढायची नाही. मला तिच्या शेजारी माझी खुर्ची हवी आहे, आणि ती कुणी उदार होऊन दिलेली नको.

तो प्रबंध संस्थेच्या कपाटात आहे. उद्या कुणी तपास करणारा तो उघडेल आणि एखाद्या मेंढक्याच्या अंगावरच्या कोऱ्या घोंगडीला मळकी ठरवेल, त्यावरून आणखी काही ठरवेल, आणि त्या माणसाला कोर्टात साधं सांगताही येणार नाही की ही खळ आहे. तिथं मी उभी राहणार आहे. प्रयोगशाळेतल्या जागेची जाहिरात निघाली आहे. शिफारशीशिवाय अर्ज टाकला आहे. या खेपेला नाही झालं तर पुढच्या. मामाच्या मागावरचे धागे मी स्वतः काचेवर चढवते आहे, प्रत्येकाची नोंद स्वतः करते आहे. बत्तिसावं पान खोटं आहे, हे मी लिहून देणार, आणि खाली माझी सही असेल.